घरच्या शेडमधली १२ इंची लेथ अन् तिची हत्यारं, सव्वा वर्ष वापरून

मागच्या वर्षी फेब्रुवारीत लाकूड कातायची लेथ घेतली, आता मे संपत आला म्हणजे सव्वा वर्ष झालं, दोन उन्हाळे आणि एक पावसाळा तिनं आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरामागच्या टिनाच्या शेडमधे काढला, त्यामुळे आता तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही असं वाटते. माझी नोकरी बँकेत आहे, लाकडाचं काम रविवारी आणि रात्री जेवणं झाल्यावर. वाट्या, डबे, लाटणी, रव्या, भाच्यांसाठी भोवरे, देव्हाऱ्याचे छोटे खांब, असं सगळं करते.

मशीन मिडी साइझची आहे, १२ इंच स्विंग, दोन सेंटरच्या, म्हणजे लाकूड धरणाऱ्या दोन टोकांच्या, मधे १८ इंच जागा, १ एचपी मोटर, स्पीड बटणावर कमीजास्त होतो आणि आत बेल्टचे तीन टप्पे आहेत. सगळ्यात कमी स्पीड २५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २५० फेरे. वजन ४५ किलोच्या आसपास, बेड म्हणजे खालचा पाया ओतीव लोखंडाचा. स्टँड सोडून मला ५८,००० ला पडली. स्विंग १२ इंच म्हणजे बेडच्या वर सेंटरपर्यंत ६ इंच जागा, हे आधी समजून घ्या, कारण टूल रेस्टचा, म्हणजे हत्यार टेकवायच्या दांडीचा, जो खालचा सरकता भाग असतो तो मधे आला की तिथं तेवढीही जागा राहत नाही. लांब आणि जाड वस्तू करायची असेल तर तो भाग मोजूनच मशीन घ्या.

ही माझी दुसरी मशीन. पहिली ऑनलाइन मागवली होती, ८ इंची, २१,५०० ची, फोटोत फार सुंदर दिसत होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण काय काय झालं ते सांगते, कारण घेताना मला यातलं काही माहीत नव्हतं. एक तर तिचा सगळ्यात कमी स्पीड ७५० होता. लेथवर स्पीडचा एक साधा हिशेब चालतो, लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमनी गुणा, उत्तर ६,००० ते ९,००० च्या मधे यायला पाहिजे. ८ इंचाची वाटी असेल तर ७५० ते ११००. पण हा हिशेब गोल झालेल्या, तोल सांभाळलेल्या लाकडाचा. ओबडधोबड ठोकळा पहिल्यांदा चढवता तेव्हा त्याची एक बाजू जड असते, तेव्हा याच्यापेक्षाही बरंच कमी लागते, आणि माझ्या त्या मशीनमधे कमी नावाची गोष्टच नव्हती. कडुनिंबाचा ठोकळा लावला, स्विच दाबला, मशीन टेबलासकट चालायला लागली. खरंच सांगते, हात थरथरत होते माझे बंद करताना.

दुसरं म्हणजे टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा सरकता भाग, सेंटरला नव्हता. दीड-दोन मिलिमीटरचा फरक. पाहायला काहीच नाही वाटत, पण टेलस्टॉकमधून ड्रिल लावून मिरपुडीच्या डबीला भोक पाडायला गेलं की ड्रिल वाकडं शिरते, भोक मोठं होते, आणि आपण हात बसला नाही म्हणून स्वतःला दोष देत बसतो. मी तीन महिने दिला. मग मे महिन्यात एका संध्याकाळी, सगळ्या गल्लीत कूलर सुरू, व्होल्टेज खाली-वर होऊन राहिलं होतं, आणि स्पीडचा कंट्रोलर जळला. वॉरंटी होती. फोन केले, मेल केले, व्हिडिओ काढून पाठवला, तर उत्तर आलं की मशीन आपल्या खर्चानं पाठवा आणि कंट्रोलर वॉरंटीत येत नाही. दीड महिना त्यात गेला आणि शेवटी मी ती भंगारात नाही टाकली पण सुट्या भागांसाठी एका वाइंडिंगवाल्याला दिली.

त्यानंतर मी एक शहाणपणाचं काम केलं, आधी मशीन पाहायला गेलीच नाही, इतवारीतल्या एका काकाजींकडे जाऊन बसली. ते पोळपाट-लाटणी कातणारे, तीस वर्षांचं काम आहे त्यांचं, मशीनचा बेड लाकडी तुळयांचा, मोटर जुनी, आणि पटाश्या लोहाराकडून कमानपट्ट्याच्या करून घेतलेल्या. मी विचारलं, काकाजी, घरी घ्यायची तर काय पाहू? त्यांनी हातातलं लाटणं थांबवलं नाही. म्हणाले, "ताई, पयले वजन पाहा, मंग बाकीचं. मशीन हालली का पटाशी अडकते, अन् पटाशी अडकली का लाकूड सुटते." बस, एवढंच. पुढच्या चार रविवारी तिथं जाऊन मी नुसती पाहत होती, ते पटाशीचा मागचा उतार आधी लाकडाला टेकवतात, तो घासत राहतो, काही कापलं जात नाही, मग हळूच मूठ वर करतात आणि धार लाकडात शिरते. तो उतार टेकवल्याशिवाय धार लावायची नाही, हे मला कोणत्याही व्हिडिओपेक्षा तिथं जास्त समजलं.

मग दुकानात. मी सोबत काही नाही, फक्त एक टोकदार काटा सेंटर आणि टॉर्च घेऊन गेली होती. हेडस्टॉकमधे, म्हणजे मोटरकडच्या भागात, काटा सेंटर, टेलस्टॉकमधे फिरतं सेंटर, आणि टेलस्टॉक पुढे सरकवत नेला की दोन्ही टोकं एकमेकांना भेटतात की नाही ते पाहायचं. सुई-सुई समोरासमोर आली पाहिजे. मग टेलस्टॉकची नळी दोन इंच बाहेर काढून परत पाहायचं, कारण काही मशीनमधे नळी आत असताना बरोबर दिसते आणि बाहेर काढली की डोकं खाली टाकते. दुकानदाराला सुरुवातीला आवडलं नाही हे, पण तिथं ठेवलेल्या तीन मशीनपैकी एकीचा फरक त्याला स्वतःलाच दिसला तेव्हा त्यानं चहा मागवला आणि चौथी पेटी माझ्यासमोर फोडली. स्पिंडल, म्हणजे मोटरनं फिरणारा दांडा, हातानं धरून पुढे-मागे, वर-खाली हलवून पाहा, जरा जरी खडखड वाटली तर सोडा. टूल रेस्टचा लॉक एका हातानं बसतो की पाना शोधावा लागतो तेही पाहा, कारण ते लॉक दिवसातून पन्नासदा उघडता-लावता.

आणि स्पिंडलचे आटे. हे लिहून घ्या कुठंतरी. लेथच्या स्पिंडलवर चक, म्हणजे लाकूड पकडणारे जबडे, बसतो तो आट्यांवर, आणि हे आटे सगळीकडे सारखे नसतात. १ इंच ८ टीपीआय म्हणजे इंचाला ८ आटे असते, मिलिमीटरवालं एम३३ असते, छोट्या स्वस्त मशीनला एम१८ वगैरे असते. चकच्या पेटीवर काय लिहिलंय ते मशीनशी जुळवूनच पैसे द्या. माझ्या पहिल्या मशीनचे आटे असे होते की त्याला बसेल असा चांगला चक मिळेचना, मधे अडॅप्टर लावावं लागायचं आणि अडॅप्टर म्हणजे थोडा का होईना हेलकावा वाढणारच. आताच्या मशीनला १ इंच ८ टीपीआय आहे आणि आतला टेपर म्हणजे निमुळतं भोक मोर्स २ नंबर, म्हणजे ड्रिल चक, सेंटर, सगळं सहज मिळते. चार जबड्यांचा चक वेगळा ९,२०० ला घेतला. वाट्या-डबे करायचे असतील तर चकशिवाय काम अर्धं राहते, फेसप्लेटवर, म्हणजे स्क्रूनी लाकूड बसवायच्या तबकडीवर, होते पण स्क्रूची भोकं राहतात. नुसती लाटणी, भोवरे, खांब करायचे असतील तर चक नंतर घेतला तरी चालेल.

स्पीडच्या बटणाबद्दल एक. बटण आहे म्हणून बेल्ट बदलायचा कंटाळा करू नका. बटणानी स्पीड कमी केला तर मोटरचा जोर पण कमी होतो, मोठी वाटी लावून जरा खोल कट घेतला की मशीन थांबते, आणि तेव्हा मोटर तापते. बेल्ट खालच्या टप्प्यावर टाकला की त्याच स्पीडला जोर भरपूर येतो. आपल्याकडे ४५ डिग्रीत टिनाच्या खाली हे जास्तच जाणवते. मी मे-जूनमधे दुपारी मशीनला हात लावत नाही, सकाळी सहा ते आठ किंवा रात्री, आणि आता मधे स्टॅबिलायझर लावला आहे, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढला. यंदाच्या उन्हाळ्यात काही त्रास नाही. स्टँड मी लोखंडी अँगलचा वेल्डरकडून करून घेतला, खाली फळी आणि तिच्यावर रेतीच्या चार गोण्या. साधारण दीड क्विंटल वजन त्यातच झालं. काकाजींचं वाक्य मला त्या दिवशी पूर्ण पटलं, तोच कडुनिंबाचा ठोकळा लावला, २५० वर सुरू केला, आणि मशीन जागची हलली नाही.

आता हत्यारं, आणि माझ्या मते इथंच लोकांचे पैसे वाया जातात. मशीनवर सगळं बजेट संपवतात आणि हत्यारांना दोन हजार उरतात. माझे मशीनव्यतिरिक्त चक, हत्यारं, ग्राइंडर, फेस शिल्ड मिळून ३४,००० च्या वर गेले, म्हणून सुरुवातीलाच एकूण पैशाचा तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवा.

बाजारात आठ-आठ, बारा-बारा पटाश्यांचे सेट मिळतात लाकडी पेटीत. सुरुवातीला लागतात पाच-सहाच. रफिंगची मोठी गोल पटाशी, लहान गोल पटाशी म्हणजे स्पिंडल गाऊज, वाटीसाठी बाऊल गाऊज, तिरपी पटाशी म्हणजे स्क्यू, कापून वेगळं करायची पार्टिंग, आणि एक गोल तोंडाचा स्क्रेपर. मी सहाचा एचएसएसचा, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, सेट घेतला ५,४०० चा, आणि बाऊल गाऊज मात्र सेटमधली बाजूला ठेवून वेगळी मागवली, शेफील्डच्या रॉबर्ट सॉर्बीची, ही १८२८ पासूनची कंपनी आहे आणि पोलाद एम२ एचएसएस. महाग पडली, पण वाटीच्या आतल्या वळणावर धार जेवढा वेळ टिकते त्यात फरक स्पष्ट कळते.

एचएसएस का, तर सागवानामुळे. आपल्या भागात लाकूड म्हटलं की सागवान, लकडगंजच्या कोणत्याही आरामशीनवर गेलं तरी बल्लारशा-आलापल्लीच्या सागवानाचे तुकडे किलोवर किंवा ढिगात मिळून जातात, माझं निम्मं लाकूड तिथलंच. पण सागवानात सिलिका असते, म्हणजे जवळपास रेतीच, आणि ती धार खाते. साध्या कार्बन स्टीलची पटाशी सागवानावर पाच-सात मिनिटांत बोथट वाटायला लागते. शिवाय कार्बन स्टील ग्राइंडरवर जरा जास्त टेकलं आणि टोक निळं पडलं की पाणी उतरलं, तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती पटाशी कामाची नाही. एचएसएस निळी पडली तरी कडकपणा जात नाही. फक्त ती गरम झाल्यावर पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जाऊ शकतात, बाजूला ठेवा, आपोआप थंड होते.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला वाटते पेटीवर मोठ्या अक्षरांत छापायला पाहिजे. रफिंगची मोठी गोल पटाशी वाटीवर वापरायची नाही. कधीच नाही. ती लांब लाकडासाठी, म्हणजे ज्याच्या रेषा मशीनच्या लांबीनं जातात त्यासाठी आहे. तिची मुठीत जाणारी शेपटी चपटी आणि बारीक असते, आणि वाटीमधे दर फेऱ्याला दोनदा आडवी रेष धारेसमोर येते, तिथं अडकली तर शेपटी तुटून पातं उडू शकते. बाऊल गाऊज गोल सळईतून केलेली असते, पूर्ण जाडी मुठीपर्यंत जाते, म्हणून ती सहन करते. दोन्ही शेजारी ठेवून शेपटीकडून पाहा, लगेच लक्षात येईल. मी ज्या दुकानातून सेट घेतला तिथल्या मुलानं मला सांगितलं होतं की "मोठी आहे मॅडम, वाटीला हीच चालते". मी परत जाऊन त्याला समजावून सांगितलं, चिडून नाही, पण सांगितलं.

धारेसाठी ग्राइंडर लागतोच. साधा बेंच ग्राइंडर आपल्या ५० हर्ट्झवर २,८०० च्या वर फिरतो, मला त्यावर भीती वाटायची, स्लो स्पीडचा साधारण १,४०० चा मिळाला तर नवीन माणसासाठी जास्त बरा, ८ इंची चाक आणि पांढरा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड. सोबत जो राखाडी दगड येतो तो वेल्डिंगची कड घासायला ठीक आहे, पटाशीला नाही. कोन असे ठेवते, रफिंग ४५, स्पिंडल गाऊज ४० च्या जवळ, बाऊल गाऊज ५५-६०, स्क्रेपर ७५ च्या आसपास. दर वेळी तोच कोन यावा म्हणून प्लायवूडचा सरकता टेकू घरीच केला. उताराला काळ्या मार्करनी रंगवायचं, चाक हातानी फिरवून एकदा घासायचं, रंग पूर्ण उताराचा गेला तर कोन बरोबर, नुसता टोकाचा किंवा टाचेचा गेला तर टेकू सरकवा. अर्धा मिनिट लागते. आणि वाटी करताना मी दहा-बारा मिनिटांनी एकदा ग्राइंडरवर जाते, आधी तासभर तीच बोथट पटाशी दाबत राहायची आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनी ओरखडे काढण्यात दुसरा तास जायचा. आता १८० पासून सुरू करते.

बदलायच्या कार्बाइड टिकलीवाली हत्यारं पण मिळतात, धार लावायचं काम नाही, टिकली फिरवली की नवी धार. मी मैत्रिणीकडे वापरून पाहिली. कडक लाकडावर छान, पण मऊ लाकडाच्या रेषा उपटल्यासारख्या निघतात आणि फिनिश गाऊजसारखं येत नाही. धारेची फारच धास्ती असेल तर एक घ्या.

यंदा मार्चमधे काटोलकडच्या एका नातेवाइकांनी संत्र्याची म्हातारी झाडं काढली, तर खोडं मी घेऊन आली. संत्र्याचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट, बारीक पोताचं, आणि ओलं असताना कातायला इतकं गोड की पटाशीतून लांब रिबिनी निघतात, हातावर गार पाण्याचा तुषार येतो, शेडभर आंबटसर वास. आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुतेक जंबेरीच्या खुंटावर भरतात, त्यामुळे एका खोडात खाली जंबेरी आणि वर संत्रा असं दोन झाडांचं लाकूड मिळालं, आणि जोडापाशी रेष अशी वळलेली होती की ती वाटी मी विकायला ठेवलेलीच नाही. पण ओलं लाकूड आणि नागपूरचा एप्रिल, हे फार जपावं लागते. पहिले दोन ठोकळे मी आणल्या दिवशी तसेच ठेवले तर दोन दिवसांत टोकांना बोटभर तडे. नंतरच्यांना लगेच टोकांवर मेण फासलं, मधला गाभा चिरून काढून टाकला, ६ इंचाची वाटी १५ मिलिमीटर जाड ठेवून नुसती आकाराला आणली, म्हणजे व्यासाचा दहावा हिस्सा, आणि तिच्याच ओल्या छिलक्यांत गुंडाळून कागदी पिशवीत घालून पलंगाखाली. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन. वजन उतरायचं थांबलं की वाळली. सहा आठवडे लागले, अंडाकृती झाली होती, मग परत चकवर चढवून शेवटचा कट. सहापैकी पाच वाचल्या.

कपड्यांचं पण लिहिते कारण बायकांना हे कोणी सांगत नाही. ओढणी नाही, मोकळे केस नाही, मंगळसूत्र-बांगड्या काढून डबीत, बाही कोपराच्या वर किंवा मनगटाला घट्ट, आणि हातमोजे तर कधीच नाही, मोजा अडकला तर हात सोबत जातो. पूर्ण चेहऱ्याचा फेस शिल्ड, नुसता चष्मा नाही. सुरू करताना लाकडाच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला. सागवानाच्या भुशानी मला मानेवर पुरळ आलं होतं, बऱ्याच जणांना येते, म्हणून एन-९५ मास्क आणि काम झालं की लगेच आंघोळ. पॉलिश पेपर मारताना दारात पंखा बाहेर तोंड करून.

मशीनच्या तक्रारी पण आहेत. टूल रेस्टची वरची कड खडबडीत आली होती, पटाशी सरकताना अडखळायची, मी कानसीनी सपाट करून मेण लावलं, अर्ध्या तासाचं काम पण ५८ हजारांत ते करून यायला पाहिजे होतं. स्विच हेडस्टॉकवर डाव्या बाजूला आहे, म्हणजे लाकूड सुटलं तर बंद करायला त्याच्याच समोरून हात न्यावा लागतो, म्हणून मी टेलस्टॉकच्या टोकाला लाल बटण वेगळं बसवून घेतलं. बाकी स्पिंडल, टेलस्टॉक, लॉक, सगळं पहिल्या दिवशी होतं तसंच आहे. पाचपैकी सव्वाचार देईन.

बेल्ट मागच्या महिन्यात चिरलेला दिसला. पट्ट्या-पट्ट्यांचा पॉली-व्ही आहे, मशीनसोबत जास्तीचा येत नाही, दुकानदाराकडे नव्हता, आणि जुन्या बेल्टवरचा नंबर घासून गेला होता. सीताबर्डीपासून सुरू करून शेवटी एका बेल्ट-बेअरिंगवाल्याकडे लांबी आणि पट्ट्या मोजून मिळाला, ३८० रुपये, मी दोन घेतले. नंबर आता हेडस्टॉकच्या झाकणाच्या आत मार्करनी लिहून ठेवला आहे, तुम्ही मशीन घ्याल त्याच दिवशी लिहून ठेवा.